पैसे भरून पेपर छापू नका

निकाल लागले की बारामती-इंदापूरहून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घ्यावं की एआय? प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस दोन्हीकडे आहे. नावापायी लांबचं महागडं कॉलेज गाठू नका.

दुसरा प्रश्न शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या पालकांचा. ‘प्रोजेक्टचा पेपर छापायला पैसे मागतायत. परदेशात एमएसला उपयोग होईल म्हणतात. भरू का?’

नाही. भरू नका. खरी तपासणी कशी होते ते आधी पाहा.

‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नियतकालिक 1975 पासून निघतं. तिथे आलेला लेख संपादक त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडे पाठवतात. मोजमाप कसं केलं, दुसऱ्याने केलं तर तेच निष्कर्ष निघतील का, हे ते खोदून विचारतात. यात महिने जातात आणि बरेच लेख परत येतात. दोन दिवसांत ‘स्वीकृत’ कळवून लगेच पैसे मागणाऱ्याने तो लेख वाचलेलाही नसतो. चांगली नियतकालिकंही कधी शुल्क घेतात, पण बहुतेकदा तपासणी झाल्यावर.

‘यूजीसीमान्य’ म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतलं आहे असं कुणी सांगितलं तर पुण्याचं उदाहरण आठवा. पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1336 नियतकालिकं तपासली. त्यातली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. हा अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. पुढे ‘यूजीसी-केअर’ यादी झाली, तीही 2025 मध्ये बंद करण्यात आली.

मग मुलांनी काय करावं? ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ 2016 पासून आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी जण बोलतात. लेखकाकडून एक रुपया घेत नाहीत. लेख छोटा असतो, खरी तपासणी सॉफ्टवेअरची होते आणि ती गिटहबवर सगळ्यांसमोर चालते. प्रोग्रॅम इन्स्टॉल होतो का, चाचण्या आहेत का, वापरायचं कसं हे लिहिलंय का, संशोधनाला त्याचा उपयोग काय? बारामतीत उसासाठी एआय वापरायचे प्रयोग चालू आहेत. मातीतल्या सेन्सरच्या नोंदी तुटक आल्या तर त्या नीट करणारं, कुणालाही वापरता येईल असं सॉफ्टवेअर इथल्या मुलांनी का लिहू नये? आठवड्याभराचं काम तिथे चालणार नाही, वर्षभराचा प्रोजेक्ट मनापासून केला तर चालू शकेल. आणि सॉफ्टवेअरच्या संशोधनात करिअर आहेच: पुण्यात टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र 1981 मध्ये सुरू झालं, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा तिथला मुख्य विषय राहिला आहे.

पालकांना स्पष्टच सांगतो. ‘शेजारच्याचे तीन पेपर झाले’ हे जेवताना ऐकवणं बंद करा. त्या धाकापोटीच मुलं विकतचा पेपर शोधतात. मुलाखतीत समोरचा तोच पेपर उघडून दुसऱ्या पानावरचा आलेख कसा काढला असं विचारतो, तेव्हा तुम्ही शेजारी नसता. मुलाचा लेख परत आला तर रागावू नका. सोबत आलेले आक्षेप त्याला गाइडसमोर बसून एकेक वाचू द्या, आणि दुरुस्तीसाठी एक सत्र जाऊ द्या.