मुंबईची दारे

आपल्या डोलवीची माणसे मुंबईला जातात. कोणी कामाला, कोणी इस्पितळात, कोणी लेकीकडे. कोणी एस.टी.ने जातो, तर कोणी मांडव्याहून लाँच धरतो. लाँचने गेले म्हणजे मुंबईचे पहिले दर्शन समुद्रातूनच होते.

समोर पिवळसर दगडाची मोठी कमान दिसते. तिचे नाव गेटवे ऑफ इंडिया, म्हणजे भारताचे दार. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज १९११ साली येथे उतरला. त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती १९२४ साली पुरी झाली. पुढे देश स्वतंत्र झाला. गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी १९४८ साली याच कमानीखालून मायदेशी गेली. राजाच्या स्वागताची कमान राज्याच्या निरोपाची झाली!

कमानीशेजारी ताजमहाल हॉटेल आहे. ते १९०३ साली सुरू झाले. पुढे बोरीबंदरचे स्टेशन लागते. ते १८८७ सालचे. आता त्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. त्याच्या भिंतींवर दगडात कोरलेले पशुपक्षी आहेत. गाडी पकडायची घाई असते, पण एकदा थांबून वर बघावे.

अशी ही देखणी मुंबई. पण गूळ तेथे मुंगळे. पैसा आला, तसे चोरही आले.

१९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. पण पिणारे थांबले नाहीत. मग हातभट्ट्या लागल्या. वरदराजन नावाचा माणूस या धंद्यात मोठा झाला. परदेशातून सोने आणण्यावरही कडक बंधने होती. मग सोने, घड्याळे चोरून समुद्रातून येऊ लागली. हाजी मस्तानने त्यात पैसा केला. माल स्वस्त मिळे, म्हणून लोकही तो घेत. "घड्याळच तर आहे, त्यात काय एवढं?" असे म्हणत.

१९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. लाखो घरांची चूल थंडावली. हाताला काम नाही, म्हणून काही तरुण टोळ्यांत शिरले. टोळ्या वाढल्या. खंडणी आणि खून वाढले.

चोरटा माल आपल्या किनाऱ्यावरही उतरे. आपले रायगडचे बंदर म्हणजे मुंबईचे मागचे दारच झाले होते. रात्री होडी लागायची, पेट्या गाडीत चढायच्या. ज्यांनी अडवायचे, त्यांतले काही जण पैसे घेऊन डोळे मिटायचे.

आता पुढचे नीट वाचा. १९९२ च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत दंगली झाल्या. शेकडो माणसे मेली. मग १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे पेट्या उतरल्या. ही दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यातली. पेट्यांत बंदुका होत्या, आणि आर.डी.एक्स. नावाची भयंकर स्फोटक दारू होती.

एका खेपेच्या गाड्या पोलिसांनी वाटेत अडवल्या होत्या. पण लाचेचा सौदा झाला. रोख रक्कम जवळ नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या. गाड्या सुटल्या!

१२ मार्च १९९३. शुक्रवारची दुपार. मुंबईत एकामागून एक बारा स्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, दादरचे प्लाझा थिएटर, साऱ्या नावाजलेल्या जागा. २५७ माणसे मेली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, हमाल होते, कारकून होते. पुढे खटला चालला. गुन्हेगारांबरोबर काही पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले.

सोन्यासाठी जी वाट पडली, तिच वाटेने मरण आले.

२६ नोव्हेंबर २००८ ला पुन्हा समुद्रातून दहा अतिरेकी आले. बोरीबंदर, ताज, सगळीकडे गोळ्या चालल्या. १६६ माणसे गेली. त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ पोलिसांनी एक मोटार अडवली. तुकाराम ओंबळे पुढे झाले. ते साताऱ्याकडच्या केडंबे गावचे. हातात फक्त लाठी. त्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगात घुसल्या, पण पकड सुटली नाही. ओंबळे गेले, पण तो अतिरेकी जिवंत सापडला. म्हणून साऱ्या कटाचा उलगडा झाला. सरकारने ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले.

एकाने चांदीची वीट धरली. एकाने बंदुकीची नळी धरली. दोघांच्याही अंगावर खाकीच होती.

मंडळी, मुंबईचे दार दगडाच्या कमानीत नाही. ते आपल्या खाडीवर आहे, नाक्यावर आहे, आपल्या हातात आहे. संशयाची गोष्ट दिसली तर ११२ नंबरला फोन करा. कोणी लाच मागितली तर १०६४ ला कळवा. "मला काय त्याचं?" असे म्हणू नका.

उत्तरे लिहा :
१. गेटवे ऑफ इंडिया कशाची आठवण म्हणून बांधला?
२. गाड्या सोडण्यासाठी तारण काय ठेवले?
३. तुकाराम ओंबळे यांनी काय केले?
४. चोरटा माल स्वस्त मिळाला तर तुम्ही घ्याल का? का?