रिटायर झाल्यावर ११ ते ५ काय?

आजचं वाचन : दासबोध, दशक ११, समास ३



माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पैसे जमले की नोकरी सोडायची, असा तो हिशोब. तुमच्यापैकी आयटीत असणाऱ्या बऱ्याच जणांकडे अशी शीट असेलच. (हा चार टक्क्यांचा नियम विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून मांडला, तोही तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. बेचाळिशीत सुटू पाहणाऱ्या पुणेकराला तो जसाच्या तसा कसा चालेल? म्हणून मी तेहतीसपट धरलंय. असो.)

त्याच शीटमध्ये 'दिवस' नावाचा एक टॅब आहे. रिटायर झाल्यावरचा दिवस. साडेपाचला उठणे, ध्यान, टेकडी, दासबोधाचा रोज एक समास, म्हणजे २०० दिवसांत एक पारायण. संध्याकाळी पखवाजचा क्लास. सगळं झकास. फक्त ११ ते ५ हा रकाना मी दोन वर्षं भरू शकलेलो नाही.

आणि भरलेले रकाने तरी किती खरे? मागे दोन नोकऱ्यांच्या मध्ये मला एकोणीस दिवस रिकामे मिळाले होते. त्यात चार समास वाचून झाले. बाकी वेळ मोबाईलवर गेला. साडेपाचला एकदाही उठलो नाही.

आजचा समास वाचताना म्हणूनच गंमत वाटली. हा जवळजवळ दिनक्रमच आहे. पहाटे उठा, पाठ केलेलं काही म्हणा, देवाचं स्मरण करा. शौच, स्नान, पूजा. थोडा फलाहार, आणि मग आपापल्या कामधंद्याला लागा. जेवणानंतर वाचन, चर्चा, एकांतात बसून ग्रंथांवर विचार. माझ्या टॅबमध्ये आणि समर्थांच्या दिवसात फरक एवढाच, की त्यांच्याकडे मधला रकाना रिकामा नाही. तिथे व्यवसाय आहे, आणि त्यात सावध राहायला सांगितलंय. ज्याचं चित्त ठिकाणावर नसतं तो चुकतो, फसतो, वस्तू विसरून येतो आणि आठवल्यावर चरफडतो, हे समर्थ अगदी घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं सुनावतात.

पुढे 'सदेव' माणसाचं लक्षण येतं. सदेव म्हणजे भाग्यवान. आम्ही ज्याला भाग्यवान म्हणतो त्याच्याकडे भरपूर रिकामा वेळ असतो. समर्थांचा भाग्यवान एक क्षणही रिकामा जाऊ देत नाही. तो काहीतरी मिळवतो आणि मग जेवतो. अडकलेल्या माणसांची गुंत सोडवतो. शरीर कशाच्या तरी कारणी लावतो.

गुंत सोडवणं या शब्दांपाशी मी थांबलो. त्याला कारण आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. आजोबांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनवर त्यांचं घर चालतं. दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. गुडघ्यांमुळे बँकेत जाणं होत नाही, आणि बोटांचे ठसे इतके झिजलेत की मशीन घेत नाही. "मोबाईलवर चेहरा दाखवून होतं म्हणे, बाळा. करून देशील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शनिवारी नक्की.

त्या शनिवारी रिलीज होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच नव्हतं. तेव्हा मी शीटमध्ये परताव्याचा दर अकरावरून साडेदहा करून काय होतं ते बघत बसलो होतो. आजी डोक्यातून पार गेल्या. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

डिसेंबरची पेन्शन आली नाही. आजींनी वाण्याकडे उधारी ठेवलीय, हे मला वॉचमनकाकांकडून कळलं. त्या संध्याकाळी खाली गेलो. आधार, पेन्शनचा पीपीओ नंबर, बँक खातं, मग कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप. दहा मिनिटं लागली. थकलेले पैसे पुढच्या महिन्यात जमा झाले, पण आजींनी तो महिना कसा काढला हे विचारायचा धीर मला झाला नाही. त्यांनी लाडू दिला. तो घशाखाली उतरेना. समर्थ ज्याला चरफडणं म्हणतात ते हेच असावं.

घरी येऊन टॅब उघडला तर तळाला माझीच नोंद : 'समाजसेवा, आठवड्यातून दोनदा, वय ४२ नंतर'.

लवकर रिटायर होऊच नये, असं हा समास सांगतो असं मला वाटत नाही. पोटाची चिंता मिटलेला माणूस उलट जास्त जणांच्या उपयोगी पडू शकेल. शीट मी डिलीट केलेली नाही, करणारही नाही. पण मिळवून मग जेवावं, हे मात्र टोचतं. बेचाळिशीनंतर व्याजावर जेवताना मी त्या दिवशी काय मिळवलेलं असेल? समर्थांना फक्त पैसाच अभिप्रेत असेल का? की ताटावर बसण्याआधी हातून काहीतरी घडलेलं असावं, एवढंच? तुम्ही कसं वाचता, ते सांगा. समास छोटा आहे, लोकलमध्ये एका बैठकीत होतो.

ती समाजसेवेची नोंद मी ११ ते ५ मध्ये हलवली आणि 'वय ४२ नंतर' खोडलं. तोवर निदान शनिवार तरी आहेत. १ नोव्हेंबरचा रिमाइंडर लावलाय. बिल्डिंगमध्ये असे चौघं पेन्शनर निघाले. त्यातल्या एका आजोबांचं आधारवरचं नाव आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव जुळत नाही, त्यामुळे आधार केंद्रात जावं लागणार आहे. आज शनिवार. आजोबा फाईल घेऊन खाली उभे आहेत, निघतो.