पाचट जाळणें व हिंवाळ्यांतील धूर

ऊस-गाळपाचा हंगाम सुरू झाला कीं कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूच्या बागाइती गांवांवर सकाळीं करडें धुरकें पसरलेलें दिसतें. पुष्कळजण त्यास धुकें म्हणतात. परंतु धुक्यानें डोळे चुरचुरत नाहींत, कीं घसा खवखवत नाहीं. आदल्या सायंकाळीं फडांत पेटविलेल्या पाचटाचा धूर त्यांत मिसळलेला असतो.

हा धूर वर कां जात नाहीं, हें बागाइतदारांनीं समजून घेणें अगत्याचें आहे. हिंवाळ्यांत सूर्यास्तानंतर जमीन लवकर निवते व तिला लागून असलेली हवाहि थंड आणि जड होते. तिच्यावर त्या मानानें उबदार हवेचा थर झांकणासारखा बसतो. वारा पडल्यावर आग आटोक्यांत राहते, म्हणून आपण नेमके त्याच वेळीं पाचट पेटवितों! आगीपुरती ही सावधगिरी योग्य खरी. पण त्यामुळें धूर रात्रभर वस्तीवर रेंगाळतो व ऊन तापल्यावरच पांगतो. त्यांतील २.५ मायक्रॉनहून बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नाकांत न अडतां थेट फुप्फुसांत उतरतात. दमेकरी, तान्हीं मुलें व वृद्ध यांस त्याची बाधा प्रथम होते. आणि हीं माणसें बहुधा आपल्याच घरचीं असतात.

पाचट जाळणारास आळशी म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. खोडव्याची घाई असते, मजूर वेळेवर मिळत नाहींत, पाचटांतून औत चालत नाहीं. तथापि जळतें काय याचा हिशेब पाहावा. एकरीं तीन ते चार टन वाळलेलें पाचट निघतें. त्यांत शेंकडा सुमारें अर्धा भाग नत्र, म्हणजे १५ ते २० किलो. तें बहुतेक सर्व धुराबरोबर जातें. राखेंत पालाश उरतो हें खरें, पण तो न जाळतांहि मिळतोच.

तोडणी होतांच बुडख्यांवरील पाचट सरींत ओढावें व बुडखे धारदार कोयत्यानें जमिनीलगत छाटावे, म्हणजे फुटवा जोमदार येतो. पाचटावर एकरीं ३२ किलो युरिया व ४० किलो सुपर फॉस्फेट फेंकून, कुजविणारें जीवाणुसंवर्धक (विरजणच म्हणाना) ४ किलो शेणखतांत मिसळून टाकावें आणि पाणी द्यावें. पुढें जमिनींत ओल टिकते, तण दबतें. मग खत कसें घालावें, असें हटकून विचारतात. बगला न फोडतां बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर पहारीनें तितकेंच खोल भोंक पाडून खत घालावें व मातीनें बुजवावें. रोगट उसाचा खोडवा मात्र ठेवूंच नये.

पाचट भिजेपर्यंत शेजारच्या फडांतील ठिणगीची भीति राहते. यास्तव एका शिवारांतील खातेदारांनीं तोडणीपूर्वींच एकत्र बसून न जाळण्याचें ठरवावें, व पाण्याच्या पाळ्याहि त्या बेतानें लावून घ्याव्या.