आई ‘निघून गेला होता’ का?

अंधेरीहून चर्चगेटची स्लो लोकल पकडली की पहिलं स्टेशन कोणतं? विलेपार्ले! आता गंमत बघा. ‘पार्ले’ हे फ्रेंचमधलं क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘बोलणे’. एक्स्चेंजसाठी अर्ज करायचा म्हणून मी दर शनिवारी सांताक्रूझला फ्रेंचच्या वर्गाला जातो. वाटेत पार्ले येतंच, त्यामुळे हे क्रियापद माझं फुकटात पाठ झालं. अडलं ते त्याच्या एका काळापाशी.

त्या काळाचं नाव ‘प्ल्यु-क-पार्फे’, शब्दशः ‘पूर्णापेक्षा जास्त’. घाबरू नका, हा आपला शाळेतला पूर्ण भूतकाळ. ‘बोललो होतो’मध्ये जसे दोन तुकडे आहेत तसेच इथेही दोन. फक्त ‘होतो’ आधी येतं आणि ‘बोललो’ नंतर. ‘होतो’च्या जागी ‘आव्वार’ (जवळ असणे) या क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ घ्यायचा. मुख्य क्रियापदाच्या शेवटचं ‘ई-आर’ काढून तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ई’ ठेवायचा. उच्चार तोच राहतो, पार्ले.

मी बोललो होतो – झावे पार्ले
तू बोलला होतास – त्यू आवे पार्ले
तो बोलला होता – इल आवे पार्ले
आम्ही बोललो होतो – नू झाव्यों पार्ले
तुम्ही बोलला होतात – व्हू झाव्ये पार्ले
ते बोलले होते – इल झावे पार्ले

‘पार्ले’ सहाही ठिकाणी तसंच राहतं, बदलतं ते पुढचं. कानाला सहापैकी चार रूपांत ‘आवे’च ऐकू येतं, पण लिहिताना शेपट्या वेगळ्या: ए-आय-एस, ए-आय-एस, ए-आय-टी, आय-ओ-एन-एस, आय-ई-झेड आणि ए-आय-ई-एन-टी. पेपरात मार्क जातात ते या शेपट्यांवर. हा तक्ता आला की ‘ई-आर’वाली शेकडो नियमित क्रियापदं आली म्हणून समजा.

हा काळ वापरायचा कधी? भूतकाळात दोन घटना असतील, तर जी आधी घडली तिला. इथे आपण मराठी मुलं हमखास फसतो. ‘काल दादरला गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो, दुसरी घटना नसली तरी. फ्रेंचमध्ये तिथे साधा भूतकाळ चालतो, झ स्वी आले. ‘होतो’ दिसलं की प्ल्यु-क-पार्फे ठोकायचा नाही!

आता माझी फजिती. मॅडमनी गृहपाठ दिला होता, स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य या काळात लिहा. त्याच आठवड्यात आई मुलुंडला मावशीकडे आली होती आणि न कळवता हॉस्टेलवर आली. मी सबमिशनच्या गडबडीत लॅबमध्ये, फोन सायलेंटवर. दोन तास गेटपाशी बसून ती परत गेली. मी आलो तेव्हा वॉचमनकाकांनी डबा आणि एक चिठ्ठी हातात दिली. ते मी लिहिलं: ‘कां झ स्वी आरिव्हे, मा मेर एते पार्ती.’ मी पोचलो तेव्हा आई निघून गेली होती.

वही परत आली ती लाल शेऱ्यासकट: ‘आई निघून गेला होता का?’ वर्ग हसला, मीही हसलो. चूक एका अक्षराची होती. येणे, जाणे, निघणे, पोचणे, चढणे, पडणे अशी पंधरा-सतरा क्रियापदं ‘आव्वार’ऐवजी ‘एत्र’ (असणे) घेतात. मग झावेचं झेते होतं आणि मुख्य क्रियापद कर्त्याचं लिंग-वचन घेतं. कर्ता स्त्रीलिंगी असेल तर शेवटी आणखी एक ‘ई’, अनेकवचनी असेल तर ‘एस’. हा ‘ई’ ऐकू येत नाही, म्हणून विसरतो. पण मराठीत मनात म्हणून बघा. आलाचं आली, आले, आल्या आपण विचार न करता करतो. तेच इथे लिहायचं.

‘आव्वार’वाल्यांचं उलट. तिथे कर्त्याकडे बघायचं नाही. पण कर्म आधी आलं तर क्रियापद त्या कर्माप्रमाणे बदलतं. ‘ला लेत्र क मा मेर आवे लेसे’, म्हणजे आईने ठेवली होती ती चिठ्ठी. ‘लेसे’ला जादा ‘ई’ लागतो तो चिठ्ठीमुळे, आईमुळे नाही. मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) कर्मणी प्रयोग सापडेल, त्याचाच हा लांबचा भाऊ. फरक इतकाच की मराठीत कर्म कुठेही असलं तरी चालतं, फ्रेंचमध्ये ते आधी यावं लागतं.

मात्र ‘ने’ लागला की आव्वार, असं सूत्र करू नका. ‘बोलणे’ला ‘ने’ लागत नाही, तरी पार्ले आव्वारच घेतं. ‘मोंते’ तर दोन्ही घेतं. ती चढली होती, इथे एत्र आणि तिने सामान चढवलं होतं, इथे आव्वार. तेव्हा एत्रची यादी पाठच करा.

शेरा वाचून हसलो खरा, पण परतीच्या गाडीत पार्ले आलं आणि गेलं तरी ते वाक्यच डोक्यात होतं. आपण पोचायच्या आधीच जे होऊन गेलं, त्याच्यासाठी हा काळ आहे. चिठ्ठीत आईने एवढंच लिहिलं होतं, ‘डबा धुऊन ठेव.’

स्वाध्याय: तुमच्या आयुष्यातलं एक वाक्य या काळात लिहा. निघणारी आई असेल, तर ‘ई’ विसरू नका.