प्राणिसंग्रहालयातील दिनचर्या
(परिसर अभ्यासाच्या अध्यापनासाठी)

हिवाळ्यात धाराशिव जिल्ह्यातील काही शाळांच्या सहली पुण्याकडे निघतात, आणि किल्ले व वाडे पाहून झाल्यावर कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयास भेट देण्याचा प्रघात आहे. परत आल्यावर विद्यार्थ्यांस सहलीचे वर्णन लिहावयास सांगितले जाते. त्या वह्या उघडून पाहाव्यात. वाघ झोपला होता, माकडे उड्या मारीत होती, मोराने पिसारा काही फुलविला नाही, आणि नंतर सर्वांनी डबे खाल्ले. ज्या मुलाच्या घरी दहा उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि जो त्या रोज माळावर नेतो, त्याचेही वर्णन असेच असते. जनावरांविषयी इतके जाणणाऱ्या मुलास प्राणिसंग्रहालयात लिहिण्याजोगे काही आढळू नये, हे नवल आहे. परंतु दोष मुलाचा नाही. त्यास प्राणी दाखविले गेले. त्या प्राण्यांसाठी पहाटेपासून चाललेले काम दाखविले गेले नाही. ते काम कसे चालते याची माहिती शिक्षकांस असावी, म्हणून येथे ती थोडी विस्ताराने दिली आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. पुण्यात १९५३ साली पेशवे पार्क येथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. पुढे शहर वाढले, जागा अपुरी पडली, आणि १९९९ साली ते कात्रजच्या तलावाकाठी मोकळ्या जागेत नेण्यात आले. सर्पोद्यान तेथे त्याच्या आधीपासून, म्हणजे १९८६ पासून होते. नीलिमकुमार खैरे हे त्याचे संस्थापक. जागेबरोबर दृष्टीही बदलली. पूर्वी लोखंडी गजांच्या पिंजऱ्यात वाघ येरझारा घालीत असे. आता खंदकापलीकडे झाडी, पाणी आणि सावली असलेले आवार असते व प्राणी मनास येईल तेव्हा दृष्टीआड होऊ शकतो. वाघ दिसला नाही म्हणून खट्टू होणाऱ्या मुलांस ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी.

प्राणिपालकाचा दिवस प्रेक्षकांसाठी दरवाजे उघडण्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो. त्याचे पहिले काम झाडलोटीचे नाही आणि चाऱ्याचेही नाही. ते पाहण्याचे आहे. हातात काही न घेता तो आपल्या वाट्याच्या प्रत्येक आवारापाशी जातो, प्राणी मोजतो आणि क्षणभर थांबतो. कोण उठले, कोण बसून राहिले. नेहमी पुढे येणारी मादी आज मागे का. एखाद्याचा पाय भुईवर नीट टेकतो की नाही. रात्रीच्या चाऱ्यातून काय उरले आणि ते कोणाच्या जागी उरले. लेंड्या बांधीव आहेत की सैल. या सर्व गोष्टी तो नजरेने टिपतो व नंतर नोंदवहीत लिहितो. आवार झाडून झाल्यावर ही नोंद करता येत नाही, कारण झाडूबरोबर रात्रीचा पुरावाही जातो. म्हणून आधी पाहणे आणि मग झाडणे, असा क्रम असतो. हा क्रम मुलांकडून वदवून घेण्याजोगा आहे. गोठ्यात सकाळी पाऊल टाकताच आजोबा प्रथम शेणाकडे आणि गव्हाणीकडे का पाहतात, हे त्यांस विचारले की उत्तर त्यांच्याच तोंडून येते.

या पाहण्यास एवढे महत्त्व असण्याचे कारण वन्य प्राण्यांच्या स्वभावात आहे. रानात दुबळा दिसणारा प्राणी प्रथम बळी पडतो. म्हणून आजारी हरीण शक्य तोवर आपला आजार लपविते. कळपाबरोबर चालते, मान वर ठेवते, चरल्यासारखे करते. ते उघडपणे आडवे पडले म्हणजे बहुधा फार उशीर झालेला असतो. पशुवैद्यकास बोलवावयाचे ते त्यापूर्वी, आणि त्यापूर्वीची खूण केवळ रोज पाहणाऱ्या माणसासच कळते. ‘साहेब, आज हिचे काहीतरी बिनसले आहे,’ एवढेच पालकाचे म्हणणे असते. काय बिनसले हे त्यास सांगता येईलच असे नाही. अनुभवी पशुवैद्यक या शब्दावर विसंबून तपासणीस लागतो.

सफाईचे काम धोक्याचे असते. वाघ, सिंह, बिबटे व अस्वले यांच्या आवारात पालक प्राण्याबरोबर कधीच उतरत नाही, मग तो प्राणी त्याने दुधाच्या बाटलीवर वाढविलेला का असेना. आवारास लागून रात्रनिवाऱ्याच्या खोल्या असतात. प्राणी एका खोलीत गेला की सरकते दार पाडावयाचे, कुलूप लावावयाचे, प्राणी पुन्हा मोजावयाचा, आणि नंतरच रिकाम्या भागात पाऊल ठेवावयाचे. बाहेरची दारेही एकामागे एक अशी दोन असतात. पहिले बंद झाल्याखेरीज दुसरे उघडावयाचे नाही. हे सारे वर्षानुवर्षे, दिवसातून कित्येक वेळा करावे लागते. शिस्त म्हणजे काय हे वर्गात सांगण्यापेक्षा ही दोन दारे दाखविणे अधिक उपयोगी पडेल. ‘वाघ त्यांना ओळखतो का?’ असा प्रश्न मुले हमखास विचारतात. ओळखतो, पावलांच्या आवाजावरून आणि हाकेवरून ओळखतो. परंतु ओळख असणे आणि माणसाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि चांगला पालक दुसरी होऊ देत नाही.

आहाराची खोली म्हणजे एक मोठे स्वयंपाकघरच असते, मात्र येथे प्रत्येक ताट वेगळे. पूर्ण वाढलेल्या वाघास दिवसाकाठी साधारण आठ ते दहा किलो मांस लागते व आठवड्यातून एक दिवस त्यास उपवास घडविला जातो, कारण रानातही त्याला रोज शिकार मिळत नाही. अजगरास रोज भरविणे म्हणजे त्यास आजारी पाडणे होय. एकदा खाल्ल्यावर तो कित्येक दिवस निवांत पडून असतो. मगर थंडीत अन्नास जवळजवळ शिवत नाही. अस्वलास फळे, मध, दूध, भाकरी असे सर्व चालते. उन्हाळ्यात फळे गोठविलेला बर्फाचा गोळा त्याच्यापुढे टाकतात; तो चाटीत, फोडीत त्याचा वेळ जातो आणि अंगही थंड राहते. वेळ जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे. बंद आवारात काही उद्योग नसलेला प्राणी त्याच त्या वाटेने फेऱ्या घालू लागतो, स्वतःचे केस उपटतो. म्हणून अन्न लपवून ठेवणे, ओंडके हलविणे, नवा वास आणून ठेवणे हे आता पालकाच्या रोजच्या कामात मोडते. चितळे, सांबरे व काळविटे यांना हिरवा चारा, मका, लसूणघास, भुसा आणि चाटण्यास मिठाची वीट देतात. चारा एका ठिकाणी न टाकता अनेक ठिकाणी टाकतात, नाहीतर दांडगे नर दुबळ्यांस जवळ येऊ देत नाहीत. शेळ्यांपुढे पाला टाकणाऱ्या मुलीस याचे कारण सांगावे लागणार नाही.

येथे एका दुःखद घटनेचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तिचा संबंध खेड्याशी पोचतो. २०२५ च्या जुलै महिन्यात कात्रजच्या संग्रहालयात काही दिवसांच्या आत पंधराहून अधिक चितळे मृत्युमुखी पडली. नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळांकडे गेले आणि लाळ्या खुरकूत या रोगाचे निदान झाले. गावात हा रोग कोणास ठाऊक नाही? बैलाच्या तोंडातून लाळ गळते, जिभेवर व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, ऐन पेरणीत बैल पाय टेकत नाही. दोन खुरांच्या सर्व प्राण्यांस तो होतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, आणि तसेच चितळ व काळवीटही. मोठी जनावरे बहुधा त्यातून वाचतात, पण दूध आणि कामाची शक्ती जाते. नाजूक प्राणी व वासरे दगावतात. रोगाचा विषाणू बाधित जनावराच्या श्वासातून व लाळेतून पसरतो, आणि चारा, गाडीची चाके, माणसाचे कपडे व जोडे यांवरूनही दूर जातो. माणसास हा रोग सहसा होत नाही. माणूस त्याचा हमाल मात्र होतो.

मग चितळांना लस का टोचीत नाहीत, असा प्रश्न सुचेल. गाईस दावणीला बांधून टोचता येते. चितळास आधी पकडावे लागते, आणि पकडण्याच्या धसक्यानेच ते मरू शकते. जिवाच्या आकांताने धावलेल्या हरणाच्या स्नायूंवर एवढा ताण येतो की हाती लागल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही ते दगावते. म्हणून कळपातील एकेकास धरून टोचणे हा सोपा उपाय नव्हे. खरी तटबंदी बाहेर आहे. संग्रहालयात शिरताना पाय बुडविण्यासाठी जंतुनाशकाचे उथळ हौद असतात. पालकाच्या स्वतःच्या घरी गुरे असतील तर कामाचे कपडे आणि बूट वेगळे ठेवावे लागतात. नव्याने आलेला प्राणी काही आठवडे वेगळा ठेवून मगच इतरांत सोडतात. आणि सर्वांत बाहेरची तटबंदी म्हणजे गावोगावच्या गुरांचे लसीकरण होय. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला; त्याखाली लाळ्या खुरकुताची लस विनामूल्य टोचली जाते. लस टोचल्याने दूध आटते, गाभण जनावर गाळते, अशा समजुतीने काही घरी जनावरे दडविली जातात. ती समजूत दूर करण्याचे काम पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कर्मचाऱ्यापेक्षा त्या घरच्या चौथीतील मुलाकडून अधिक लवकर होते, हा ठिकठिकाणचा अनुभव आहे. यासाठी शिक्षकांनी एवढे करावे : गावातील गुरांत लाळ्या खुरकूत असल्याचे कळल्यास प्राणिसंग्रहालयाची सहल पुढे ढकलावी. साथ नसली तरीही मुलांनी गोठ्यातले जोडे घालून जाऊ नये; ते धुऊन, उन्हात वाळवून मगच घालावेत.

पक्ष्यांच्या रोगाचीही अशीच कथा आहे. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीर येथे कावळे मरून पडले व बर्ड फ्लूचे निदान झाले; त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा येथे वाघ व बिबट्या याच रोगाने दगावल्याचे निष्पन्न झाले. मेलेल्या पक्ष्यास मुलांनी हात लावू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, ही सूचना फळ्यावर लिहून ठेवण्याइतकी महत्त्वाची आहे.

प्रेक्षकांविषयी पालकास विचारले तर तो थोडा वेळ गप्प राहतो. त्याने तोलून दिलेल्या आहारावर दिवसभरात शेंगदाणे, वेफर, बिस्किटे यांचा मारा होतो. माकडास ते गोड लागते व सायंकाळचा आहार ते नाकारते. सकाळच्या नोंदवहीत ‘अन्न उरले’ असे लिहिले जाते, आणि हा आजार की बाहेरचे खाणे, हे कळेनासे होते. खाऱ्या पदार्थाची पिशवी हरीण मिठाच्या वासाने पिशवीसकट गिळते. ती पोटाच्या पहिल्या कप्प्यात अडकते, रवंथ थांबतो, आणि कारण समजते ते शवविच्छेदनाच्या वेळी. गावच्या उकिरड्यावर फिरणाऱ्या गाईंचेही हेच होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांस डिवचणे, इजा करणे, खाऊ घालणे, गोंगाटाने त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे यांस मनाई असून तो शिक्षापात्र गुन्हा आहे. मुले खडा मारतात तो बहुधा प्राणी हलावा म्हणून. आणि पुष्कळदा शेजारी उभे असलेले मोठे माणूस हसत असते.

वर्गातील तयारी सहलीच्या आठ दिवस आधी सुरू करावी. प्रत्येक मुलाने घरचे किंवा शेजारचे एक जनावर निवडावे. शेळी, म्हैस, कोंबडी, काही चालेल. सकाळी झाडलोट होण्यापूर्वी पाहावे व वहीत लिहावे : किती चारा टाकला, किती उरला, पाणी किती प्याले, शेण किंवा लेंड्या कशा, रवंथ चालू आहे की नाही, आणि कालच्याहून काय निराळे दिसले. शेवटचा रकाना बहुतेक मुले दोन दिवस कोरा ठेवतील. तिसऱ्या दिवसापासून तो भरू लागतो. सहलीत सर्व आवारे धावत पाहण्याऐवजी पाच-सहा मुलांचा एक गट करून एका आवारापाशी वीस मिनिटे थांबवावे व त्याच रकान्यांत लिहावयास सांगावे. पालक भेटल्यास त्यास नमस्कार करून एक-दोन प्रश्न विचारावेत; त्याच्या कामाच्या वेळेचे भान ठेवावे.

ज्या शाळांस पुणे दूर पडते, त्यांनी खंत करू नये. येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य जिल्ह्यातच आहे, आणि परंडा व भूम तालुक्यांतील शेतांत काळविटे नित्य दिसतात. पिकाची नासाडी करणारी म्हणून त्यांच्यावर शेतकऱ्यांचा रोष असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु त्यांच्यामागे कुत्री सोडून धावविणे म्हणजे काय, हे चितळांच्या उदाहरणावरून मुलांस सांगता येईल. आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. ज्वारीच्या ताटांत निपचित पडलेले पाडस मुलास सापडते. आई टाकून गेली असे वाटून तो ते उचलून घरी आणतो व गाईचे दूध पाजतो. आईने ते टाकलेले नसते. पहिले काही दिवस ती पिलास लपवून दूर चरते व पाजण्यापुरती येते. घरी आणलेले पाडस बहुधा हगवणीने मरते, आणि जगलेच तर ते पुन्हा रानात राहण्याजोगे उरत नाही. शिवाय वन्य प्राणी घरी ठेवणे हा गुन्हा आहे. पाडस दिसल्यास हात न लावता मागे फिरावे, कुत्री दूर ठेवावीत. जखमी असल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कात्रजचे संग्रहालय बुधवारी बंद असते. सहलीचा दिवस ठरविण्यापूर्वी तेथील कार्यालयास शाळेच्या पत्राने कळवावे. पत्रात विद्यार्थ्यांची संख्या, इयत्ता व पालकांशी बोलण्याची इच्छा स्पष्ट लिहावी. मुलांचे डबे बसमध्येच ठेवून आत जावे व खाणे बाहेर आल्यावर करावे.