आबांचे गुडघे आणि एक मिलिमीटरचा कृमी

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आबा ओसरीवर बसले होते. माझे आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी या शाळेत येण्याआधी बुटाला पॉलिश कसे करायचे, नाडी कशी बांधायची हे त्यांनीच मला शिकवले. या वेळी त्यांना स्वतःच्या चपलेचा पट्टा लावायला वाकता येत नव्हते. मी खाली बसून तो लावला. ते म्हणाले, "वय वाढलं त्याचं काही नाही रे, गुडघे तेवढे सोबत राहायला हवे होते."

शाळेत परतल्यावर जीवशास्त्राच्या मॅडमनी प्रत्येकाला एका शास्त्रज्ञावर सेमिनार द्यायला सांगितले. ओळखीची नावे पहिल्या बाकांवरच संपली. माझ्या वाट्याला सिंथिया केन्यन आल्या. मी हे नाव कधी ऐकले नव्हते. "म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या जनुकशास्त्रज्ञ आहेत," एवढेच मॅडम म्हणाल्या. मला ती चप्पल आठवली आणि मी विषय बदलून मागितला नाही.

केन्यन अमेरिकन आहेत, जन्म १९५४ चा. १९८१ साली एमआयटी या प्रसिद्ध संस्थेतून पीएच.डी. करून त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांच्याकडे गेल्या. ब्रेनर यांनी अभ्यासासाठी एक विचित्र प्राणी निवडला होता. सी. एलेगन्स हा मातीत राहणारा सूत्रकृमी. लांबी एक मिलिमीटर, शरीर पारदर्शक, खाणे जिवाणूंचे आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. पूर्ण वाढलेल्या कृमीच्या शरीरात (प्रजननाच्या पेशी सोडून) मोजून ९५९ पेशी असतात. १९९८ साली संपूर्ण जीनोम वाचला गेलेला पहिला बहुपेशीय प्राणी हाच. त्यात सुमारे १९,००० जनुके सापडली. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. हे वाचून मला थोडा अपमान वाटला, पण पुढचे सगळे समजायला हाच आकडा उपयोगी पडला.

एकदा केन्यन यांच्या काही कृमींना पिल्ले फारशी होत नव्हती, म्हणून ती बशी उबवणीयंत्रात तशीच राहून गेली. काही आठवड्यांनी पाहिले तर आतले कृमी चक्क म्हातारे दिसत होते. त्यांना कृमींची दया आली, मग आपणही असेच होणार म्हणून स्वतःचीही आली, आणि मग वाटले की याचा अभ्यास करता येईल. त्या काळी अनेकांना हा विषय निरुपयोगी वाटे. शरीर म्हणजे ड्रिलचा बूट, घासत घासत टाच झिजणार, त्यात शोधायचे काय? पण उंदीर दोन-तीन वर्षे जगतो आणि जवळपास तेवढ्याच आकाराच्या वटवाघळांच्या काही जाती तीस वर्षांहून जास्त जगतात. दोघेही हाडामांसाचेच. नुसत्या झिजेने एवढा फरक पडत नाही.

त्यांच्या आधी १९८० च्या दशकात मायकेल क्लास आणि टॉम जॉन्सन यांनी एज-१ नावाच्या जनुकात बदल झालेले दीर्घायुषी कृमी दाखवले होते, हे इथे सांगायला हवे. केन्यन तोवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत आल्या होत्या. त्यांच्या गटाने डॅफ-२ हे जनुक तपासले. हे जनुक आधीपासून माहीत होते, पण दुसऱ्या कामासाठी. अन्न कमी पडले किंवा गर्दी झाली की लहान कृमी 'डावर' नावाच्या अवस्थेत जातो. मग तो काही न खाता महिनोन्महिने तग धरतो. डॅफ-२ बिघडले की अन्न असूनही कृमी डावर होतो. मात्र लहानपणी थंड तापमानात ठेवले तर तो नेहमीसारखा मोठा होतो. अशा मोठ्या झालेल्या कृमींचे पुढे काय होते, हे त्यांनी पाहिले.

प्रयोग कसा केला जातो ते वाचताना मला आपला रोल कॉल आठवला. ठरावीक दिवशी प्रत्येक बशीतला प्रत्येक कृमी मोजायचा. हलत नसेल तर बारीक तारेने हलकेच स्पर्श करायचा, तरीही हलला नाही तर त्याचे नाव कमी. एक कृमी तीनशेच्या आसपास अंडी घालतो, म्हणून पिल्लांची सरमिसळ होऊ नये यासाठी मोठ्यांना सारखे नव्या बशीत हलवायचे. साधे कृमी सगळे संपेपर्यंत हे चालले. डॅफ-२ वाले मात्र अजून हजर होते. ते दुपटीहून जास्त जगले. नुसते जिवंत नव्हते, ज्या वयात साधे कृमी निपचित पडतात त्या वयात हे फिरत होते. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आले.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कृमीत डॅफ-१६ हे दुसरे जनुकही बिघडलेले असेल तर वाढलेले आयुष्य नाहीसे होते. म्हणजे डॅफ-२ बिघडल्याने आपोआप आयुष्य वाढत नाही, डॅफ-१६ ने काम करावे लागते. १९९७ साली गॅरी रुवकुन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की डॅफ-२ हे जनुक पेशीवर इन्सुलिनच्या ग्राहीसारखे प्रथिन बनवते. मी वर्गात ते असे समजावले: डॅफ-२ हा फाटकावरचा संतरी. इन्सुलिनसारखा संप्रेरक आला की तो "सब ठीक" असा निरोप देतो आणि डॅफ-१६ केंद्रकाबाहेरच थांबते. संतरी ढिला पडला की डॅफ-१६ थेट हेडक्वार्टरमध्ये, म्हणजे पेशीच्या केंद्रकात शिरते आणि हुकूम सोडू लागते.

कोणते हुकूम? इथे जीनोमचे ज्ञान कामी आले. २००३ साली केन्यन यांच्या गटाने मायक्रोअ‍ॅरे तंत्राने हजारो जनुकांची हालचाल एकाच वेळी तपासली. काही जनुके प्रथिनांची घडी नीट ठेवणारी निघाली, काही जंतूंशी लढणारी, काही पेशीतली रासायनिक हानी रोखणारी. मग ती एकेक करून दाबून पाहिली. बहुतेकांचा एकट्याचा परिणाम लहान होता. सगळ्यांचा मिळून मोठा. त्याआधी २००२ साली असेही दिसले होते की डॅफ-२ चे काम कृमी पूर्ण वाढल्यावर कमी केले तरी आयुष्य वाढते.

सेमिनारच्या दिवशी मी उत्साहात सुरुवात केली, "म्हातारपण आता थांबवता येते." मॅडमनी तिथेच थांबवले. "कोणाचे?" वर्ग हसला. मी म्हणालो, "कृमीचे." आणि खरे तर थांबत नाही, लांबते.

उंदरांवरचे उत्तर २००३ साली फ्रान्समधून आले. याच मार्गातल्या एका ग्राहीच्या दोन प्रतींपैकी एक काढलेल्या माद्या सुमारे एक तृतीयांश जास्त जगल्या. नरांमध्ये खात्रीने सांगण्याइतका फरक नव्हता. दुप्पट आयुष्य तर कोणाचेच नाही. २००८ साली हवाईमधल्या जपानी वंशाच्या पुरुषांच्या अभ्यासात डॅफ-१६ च्या माणसातल्या भावंडाचे, फॉक्सओ३चे, एक रूप दीर्घायुषी लोकांत जास्त आढळले. ते जन्मतः मिळते, गोळीने नाही. केन्यन यांनी कृमींच्या अन्नात थोडे ग्लुकोज घातले तर आयुष्य घटले, तेव्हापासून त्यांनी स्वतःचे गोड कमी केले. मी रविवारची मेसमधली खीर अजून सोडलेली नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर घालवला ते पुढचे. २०१५ साली एका गटाने म्हटले की डॅफ-२ चे कृमी जास्त जगतात, पण वाढलेल्या आयुष्याचा बराच भाग अशक्तपणात जातो. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने उत्तर दिले की ते अशक्त नसतात, अन्नाजवळून हलायची त्यांना इच्छाच कमी असते. पीटीला न आलेला कॅडेट आजारी आहे की पांघरुणात आहे, असा हा वाद. उस्तादांना विचारले असते तर त्यांनी एका मिनिटात निकाल दिला असता.

रविवारी फोनवर मी हे सगळे आबांना सांगितले. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले. मग विचारले, "तो जास्त जगलेला किडा शेवटपर्यंत चालत होता का?"

"त्यावरच भांडण चाललंय, आबा."

"मिटलं की मला कळव," ते म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.