प्रकाशाचे पाटकरी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शहरांतील पाणचक्की आपण सर्वांनीं पाहिलीच असेल. कांहीं कोसांवरील डोंगरांतलें पाणी मातीच्या बंद नळांतून जमिनीखालून येतें, आणि भिंतीवरून कोसळूं लागलें म्हणजे आपल्या दृष्टीस पडतें. वाटेंत नळ फुटला, तर चक्कीपाशीं उभ्या असलेल्या मनुष्यास तो दोष दिसत नाहीं. त्याला दिसते ती केवळ थांबलेली धार. आज आपल्या शहरांतून प्रकाशाचेहि पाट असेच गुप्तपणें वाहत आहेत. ते कसे वाहतात, आणि ते वाहते असतांनाच त्यांची व्यवस्था ठेवणारा पाटकरी कोणत्या गुणांनीं मोठा होतो, हें ह्या लेखांत पाहूं.

प्रकाश सरळ रेषेंत जातो हें आपण शिकतों. मग तो वांकड्या वाटेनें कसा जाईल? १८५४ सालीं जॉन टिंडाल ह्या शास्त्रज्ञानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें ह्याचा एक सोपा प्रयोग दाखविला. भांड्याच्या छिद्रांतून पाण्याची धार सोडून तींत त्यानें प्रकाश सोडला. तेव्हां धारेबरोबर प्रकाशहि वांकत खालीं गेला. पाण्यांतून हवेच्या सीमेवर फार तिरका येणारा किरण बाहेर न पडतां आंतच परत फिरतो. ह्यास पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. कांचेच्या धाग्यांत हेंच घडतें. त्याचा गाभा कांचेचा व भोंवतालचें आवरणहि कांचेचें. परंतु गाभ्याचा अपवर्तनांक किंचित् अधिक असल्यामुळें प्रकाश गाभ्यांतच कोंडून राहतो. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी ह्यांनीं अशा धाग्यांच्या जुडींतून चित्र पलीकडे नेण्याचें संशोधन १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. कांच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यांतून दूरवर संदेश धाडतां येतील, असें चार्ल्स काव ह्यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें. त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा धागा आपणांस परका नाहीं. वाळूज व शेंद्रा येथील स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत तो तयार होतो. अतिशुद्ध कांचेचा दंड भट्टींत तापवून त्याचा बारीक धागा ओढतात. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. आणि दूरवर संदेश नेणाऱ्या धाग्याचा गाभा तर अवघा ९ मायक्रॉनांचा! डोळ्यांस न दिसणारा धुळीचा एक कणहि ह्या गाभ्याचें तोंड बंद करूं शकतो.

असे हजारों धागे जेथें एकत्र येतात, तें डेटा सेंटर. नवी मुंबईंत ऐरोली, महापे अशा भागांत हीं मोठमोठीं केंद्रें आहेत. बँकांचे हिशेब, रेल्वेचीं तिकिटें, रुग्णालयांतील नोंदी, परीक्षांचे निकाल हें सर्व अशा केंद्रांतील यंत्रांत सांठविलेलें असतें. तीं रात्रंदिवस चालूं असतात. दुरुस्तीकरितां सर्व केंद्र बंद ठेवितां येत नाहीं. म्हणून फायबरच्या टेक्निशियनला शेजारचे शेंकडों धागे चालूं असतांना एकाच धाग्याचें काम करावें लागतें. चुकीची एक केबल उपटली, तर कोठेंतरी दूर कोणाचे तरी पैसे अडकतात, कोणाचा तरी अहवाल डॉक्टरांपर्यंत पोहोंचत नाहीं.

ह्याकरितां त्याच्या कामाचा क्रम ठरलेला असतो. काय करावयाचें, कोणत्या वेळीं करावयाचें, आणि बेत फसल्यास मागें कसें यावयाचें, हें तो आधीं लिहून काढतो व त्यास परवानगी घेतो. केबलच्या दोन्ही टोकांवरील चिठ्ठ्या तो वाचतो, आणि दुसऱ्याकडून वाचवून घेतो. जोडण्यापूर्वीं टोक सूक्ष्मदर्शकानें तपासतो, पुसतो, आणि पुन्हां तपासतो. केबल तीव्र कोनांत वांकवीत नाहीं. कारण फार वांकलेल्या धाग्यांतून प्रकाश निसटतो. धाग्याच्या टोकांत तो कधींहि डोकावत नाहीं. कारण तेथील प्रकाश डोळ्यांस दिसत नसला तरी इजा करूं शकतो. कांचेचे तुकडे तो जमिनीवर न टाकतां झांकणाच्या डबींत टाकतो. काम संपलें कीं नोंदवहींत लिहितो; कारण आज न लिहिलेली गोष्ट उद्यां दुसऱ्यास चकविते.

धागा तुटलाच, तर तो वापरांतून वेगळा करून त्यांत प्रकाशाचा ठोका सोडतात व त्याचा प्रतिध्वनि मोजतात. कांचेंत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर असतो. ठोका परत येण्यास १० मायक्रोसेकंद लागले, तर जाऊन-येऊन अंतर २ किलोमीटर. म्हणजे तुटलेली जागा १ किलोमीटरवर आहे. पाहा, वर्गांतील गणित कोठें उपयोगीं पडतें तें!

आतां प्रश्न असा, कीं नवशिका व वडीलधारा टेक्निशियन ह्यांत भेद काय? हात चलाख असणें हा तो भेद नव्हे. वडीलधारा तो, जो खात्री नसतांना हात मागें घेतो. वरिष्ठ घाईत असले, रात्र फार झाली असली, तरी तो म्हणतो, “चिठ्ठी जुळत नाहीं, मी ही केबल काढणार नाहीं.” आणि चूक झालीच, तर तो ती झांकीत नाहीं. त्याच क्षणीं सांगितलेली चूक बहुधा लवकर सांवरतां येते; लपविलेली चूक शोधण्यांत मात्र तास न् तास जातात, आणि तेवढा वेळ निरपराध माणसें खोळंबून राहतात. म्हणून हाताखालचा मुलगा खरें बोलला, तर जाणता टेक्निशियन प्रथम काम सांवरतो, आणि रागावणें मागाहूनसाठीं ठेवितो. पालकांनींहि हें ध्यानांत घ्यावें. घरीं खरें बोलल्याबद्दल मार खाणारा मुलगा उद्यां कामावर खरें बोलेल, अशी आशा कशी धरावी?

मित्रहो, पाटकऱ्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. पाणी आलें कीं लोक भांडीं भरून घरीं जातात. ह्या कामाचेंहि तसेंच आहे. रात्रभर खपून सकाळीं कोणासहि कांहींच जाणवलें नाहीं, हेंच त्याचें यश. लहान गोष्टींत विश्वासू राहण्याची जी शिकवण ह्या शाळेंत आपणांस मिळते, तिची परीक्षा पाहणारा कोणी नसतांना होते. वहीवर आपलें नांव नीट लिहिणें, प्रयोगाचें जसें आलें तसेंच माप टिपणें, फुटलेली परीक्षानळी आपण होऊन दाखविणें, ह्यांपासूनच तिची तयारी आजच सुरू करावी.